कोळप्याची वेबसाइट आणि बाजारातली जागा

पत्रक वाचणारा माणूस उभा असतो. जालन्याला कॉलेजात असताना मी एका ग्राहक समितीत शिरले, तिथं पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं गेलं. त्याच्या हातात पिशवी असते, त्याला गाडी धरायची असते आणि तुमच्यावर त्याचा काडीचा विश्वास नसतो. म्हणून पहिल्याच ओळीत त्याच्या कामाचं बोला आणि त्याच्या शब्दांत बोला. नाही तर तो तुमच्या पत्रकात भजी बांधून घेईल, आणि चूक त्याची नसेल. रॉकेल कमी मापणारा, गॅसच्या टाकीबरोबर शेगडी गळ्यात मारणारा, फुटलेल्या पिशवीतलं बियाणं खपवणारा, अशा सगळ्यांवर मी पत्रकं लिहिली. गोड भाषा मला जमली नाही. जमावी असं वाटलंही नाही.

आता एखादा दुकानदार मला विचारतो, ‘एक जण वेबसाइट सर्चमध्ये पहिल्या नंबरला आणून देतो म्हणून राह्यला, गॅरंटी देतो, करू का?’ तेव्हा मला आमच्या केदारखेड्याचे चाचा आठवतात आणि डोकं तापतं. काही वर्षं झाली, पण राग शिळा झालेला नाही.

चाचांचं वर्कशॉप आमच्या घराला लागून. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, वेल्डिंगचं मशीन आणि बाहेर मोडक्या सायकलींचा ढीग. चाचा कोळपी बनवायचे. बैलाचं कोळपं सगळ्यांना माहीत आहे. चाचांचं कोळपं माणसानं ढकलायचं, पुढं सायकलचं चाक, मागं तण कापणारी लोखंडी पास आणि धरायला दोन मुठींची दांडी. आमच्याकडं त्याला सायकल कोळपं म्हणतात. घरात बैल नसला तरी एकटी बाई कपाशीच्या दोन ओळींमधून ते चालवू शकते. माझी आई चालवायची.

पण दांडी बराबर पाहिजे. दांडी खाली राहिली की कंबर जाते, वर राहिली की खांदे भरतात. त्यामुळे चाचा वर्कशॉपात दांडी कधी पक्की करायचे नाहीत. ती पक्की व्हायची भोकरदनच्या आठवडी बाजारात.

बाजारात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला, लिंबाखाली, त्यांची जागा होती. आधी तिथं त्यांचे वडील बसायचे. बाकीचा बाजार मुरमाचा, माणसांनी आणि जनावरांनी तुडवून फरशीसारखा झालेला. लिंबाखाली तेवढी काळी, भुसभुशीत माती. गिऱ्हाईक यायचं, कोळपं मातीत घालून चार पावलं ढकलायचं, चाचा त्याच्या बरगडीकडं बघायचे, दांडी दोन बोटं वर घ्यायचे आणि बोल्ट आवळायचे. जातानाच कोळपं त्या माणसाच्या अंगाचं झालेलं असायचं. बाजार उठेपर्यंत त्या मातीवर चाकांच्या रेघाच रेघा.

बाजारातल्या जागेचा कागद कुणाकडंच नसतो. जो बसतो त्याची जागा. सलग काही बाजार मोकळी राहिली की शेजारचा आपलं गोणपाट सरकवतो, आणि एकदा सरकलेलं गोणपाट मागं येत नाही. चाचा तापानं फणफणले असतानासुद्धा लिंबाखाली कोळपं उभं करून यायचे आणि त्याच्याशेजारी चादर पांघरून पडायचे. चाची चिडायच्या. चाचा म्हणायचे, ‘‘जागा सोडली की गेली. मग बसा हात चोळत.’’

तेच चाचा एका सुट्टीत मला म्हणाले, ‘‘बेटा, या बाजारापासून लिंबाखालची जागा सोडून राह्यलो.’’

मला वाटलं मस्करी आहे. ‘‘का? पास बोथट झाली का तुमची?’’

‘‘आता आपली वेबसाइट हाय,’’ चाचा म्हणाले. ‘‘साऱ्या दुनियेत पहिला नंबर. तो पोऱ्या म्हणला, चाचाजी, बाजारात तुम्ही कशाला जाता, बाजार तुमच्याकडं येईन.’’

पोऱ्या म्हणजे औरंगाबादहून मोटारसायकलवर येणारा, टाय लावलेला वेबसाइटवाला. त्यानं वर्षापूर्वी चाचांच्या मोठ्या मुलाला गाठलं होतं. मुलगा, ज्याला मी भैया म्हणते, बारावी झालेला. लोखंडात हात काळे करायचा त्याला कंटाळा. वेबसाइट झाली. आता वर्ष संपलं होतं. पोऱ्या सांगत होता की पैसे भरून पुढचं वर्ष चालू ठेवलं नाही तर पहिला नंबर जाईल. बाजाराला कोळपी न्यायच्या टेम्पोचं भाडं आणि वेबसाइट दोन्ही झेपत नव्हतं. भैयानं हिशोब केला आणि टेम्पो बंद करायचं ठरवलं. बाजूला प्लास्टिकच्या बादल्या विकणारा होता, तो लिंबाच्या जागेवर कधीचा टपून होता. त्याला चाचा शब्द देणार होते. येत्या बाजाराला.

मी विचारलं, ‘‘वर्षभरात वेबसाइट बघून किती कोळपी गेली?’’

चाचांनी भैयाकडं बघितलं. भैया म्हणाला, ‘‘सुरुवातीला टाइम लागतो. पण लोक बघून राह्यले. खाली आकडा येतो ना, किती जण आले त्याचा. हर बाजाराला वाढलेला असतो.’’

‘‘आणि नंबर पहिला हाय, हे कोणी बघितलं?’’

‘‘मी बघतो की! हर बाजारच्या दिवशी. अब्बा इकडं लिंबाखाली बसत्यात, मी नेट कॅफेत जाऊन बसतो. उघडतो, बघतो, परत उघडतो. जागा धरून ठेवावी लागती.’’

मला हसू आलं आणि लगेच गेलं. बाप बाजारातली जागा धरून, मुलगा कॅफेत जागा धरून. चाचांनीच त्याला तसं बजावलं होतं. बाजाराचा कायदा त्यांना रक्तातून ठाऊक होता, तो त्यांनी जसाच्या तसा इंटरनेटला लावला. जो बसतो त्याची जागा, जो बाजाराची वसुली करणाऱ्या ठेकेदाराला खूश ठेवतो त्याला फाटकाजवळची जागा. यात चाचा बावळट होते असं कुणी म्हणू नये. आयुष्यभर ज्या नियमानं पोट भरलं तोच नियम माणूस नव्या ठिकाणी लावणार. मला चीड आली ती त्या टायवाल्याची. त्याला खरं माहीत होतं, आणि चाचांचा हा समज त्यानं खोडला नाही. त्याच्यावरच तर त्याचं दुकान चालत होतं.

दुसऱ्या दिवशी मी भैयाला घेऊन भोकरदनला कॅफेत गेले. तो तयार नव्हता. ‘‘तुमची समिती सगळ्यातच मिठाचा खडा टाकती,’’ म्हणाला. मी म्हणाले, ‘‘चल तर. पहिला नंबर असला तर मी तुला पेढे देईन आणि गप बसेन.’’

‘‘तू गप बसशीन? मंग तर चलच.’’

कॅफेत पडद्यामागच्या खुर्चीवर दोघं बसलो. भैयानं मोठ्या ऐटीत टाइप केलं. चाचांचं पूर्ण नाव, त्याला जोडून इंजिनिअरिंग वर्क्स, केदारखेडा, जिल्हा जालना. एंटर. वरच आमची वेबसाइट.

‘‘बघ,’’ तो म्हणाला. ‘‘पेढे.’’

मी म्हणाले, ‘‘भैया, मी भोकरदनच्या स्टँडवर उभी राहून तुझ्या नावानं ओरडले तर कोण वळून बघन?’’

‘‘मीच.’’

‘‘मंग तू भोकरदनचा पहिला नंबर झाला का?’’

त्यानं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मी म्हणाले, ‘‘हे नाव दुनियेत एकाच जागी हाय. एकटाच पळणारा पहिला येणारच. आता बुलढाण्याच्या बाजूचा एखादा माणूस डोळ्यांपुढं आण. त्याला तुझ्या अब्बांचं नाव माहीत न्हाई. केदारखेडा माहीत न्हाई. त्याला फक्त कोळपं पाहिजे. तो काय लिहीन?’’

इंग्रजी अक्षरांत आम्ही लिहिलं, सायकल कोळपं. एंटर. कुठल्या तरी शेतकी कॉलेजचं पान आलं, कुठल्या तरी शाळेतल्या मुलाच्या विज्ञान प्रदर्शनाचं आलं, सायकलच्या शर्यतीचं आलं. चाचा नाहीत. पुढचं पान. नाहीत. त्याच्या पुढचं. भैया माउस आपटत पानं उलटत राहिला. मग मराठी अक्षरांतही शोधलं, कॅफेवाल्याला विचारून विचारून. तिथंही नाहीत.

तेव्हा आम्ही ती वेबसाइट नीट उघडून बघितली. वर मोठं भडक चित्र. भैयानं दिवाळीला एक पत्रक छापलं होतं, रंगीत, कोळप्याचा फोटो असलेलं, तेच फोटो काढून चिकटवलेलं. त्यात सगळं होतं, सायकल कोळपं, पास, दांडी, पत्ता. पण ते चित्र होतं. तुम्हाला मला त्यात अक्षरं दिसतात. सर्च करणाऱ्या मशीनला त्या काळी त्यात एक ठिपक्यांचा ढीग दिसायचा, बाकी काही नाही. म्हणजे ‘कोळपं’ हा शब्द त्या वेबसाइटवर नव्हताच. खाली इंग्रजी होतं, आम्ही जगातले अग्रगण्य कृषी-अभियांत्रिकी उत्पादक व निर्यातदार आहोत अशा अर्थाचं. निर्यात! चाचांचं कोळपं फार तर देऊळगाव राजापर्यंत गेलं असेल.

त्याखाली पांढरी मोकळी जागा होती, उगाचच लांबलचक. मी माउस दाबून सहज खाली ओढला. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं सगळं निळं होऊन वर आलं. जालना जालना जालना, बियाणे, स्टील, मोसंबी, स्वस्त, बेस्ट, मोफत, आणि त्यातच एका नटीचं नाव कितीतरी वेळा.

भैया माझ्याकडं बघेना. ‘‘हिचं नाव कशाला?’’ एवढंच म्हणाला. ‘‘अब्बांनी बघितलं तर?’’

शब्दांचा असा ढीग लावला की मशीन फसतं, ही अशीच एक थाप. फसत असेलही कुठं कधी. पण मशीन बनवणारे झोपलेले नव्हते. असली चलाखी दिसली की ती वेबसाइट ते मागं टाकत, कधी पार काढूनच टाकत. आणि समजा फसलं, तरी नटीचे फोटो शोधणारा पोरगा कोळपं घेणार आहे का?

राहिला तो आकडा, सारखा वाढणारा. मी भैयाला म्हणाले, ‘‘पान परत उघड.’’ आकडा एकानं वाढला. ‘‘परत.’’ परत वाढला. भैयानं आणखी एकदा उघडलं, मग आणखी एकदा. वर्षभर ज्या गर्दीच्या जिवावर त्यानं टेम्पो बंद करायचं ठरवलं होतं, त्या गर्दीतला बराचसा तो स्वतःच होता.

घरी येताना एसटीत त्यानं दोघांची तिकिटं काढली. उतरताना म्हणाला, ‘‘अब्बांना तू सांगू नको. मी सांगतो.’’ त्यानं सांगितलं नाही.

मी जालन्याला समितीत गेले. अध्यक्ष म्हणजे आमचे सर, पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. ‘‘मापात कमी भरलं तर आपण बोलतो. हे काँप्युटरचं प्रकरण आहे. आपल्याला त्यातलं कळत नाही. समितीचं नाव टाकू नकोस.’’

‘‘सर, रॉकेलमधलं तरी आपल्याला काय कळत होतं? माप कमी भरलं हे कळत होतं. इथंही तेच आहे.’’

‘‘पुरावा?’’

‘‘कॅफेत चला, दाखवते.’’

सर कॅफेत आले नाहीत. तरुण पोरांनी घाई करू नये, असं काहीतरी म्हणाले. मला घाई होतीच. बाजार चार दिवसांवर आला होता आणि बादलीवाला वाट बघत होता. मी समितीचं नाव न टाकता पत्रक लिहिलं आणि झेरॉक्स काढली. त्यातलं थोडं इथं देते, कारण आजही त्यातला शब्द मागं घ्यायची माझी तयारी नाही:

‘वेबसाइट काढणाऱ्या भावांनो, तुमचं नाव लिहून तुम्हालाच पहिलं आणून दाखवतो तो तुम्हाला फसवतो. गिऱ्हाइकाला तुमचं नाव माहीत नसतं, त्याची अडचण माहीत असते. ती अडचण लिहून शोधा, मग नंबर बघा. पहिल्या नंबराची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही, कारण तो देणं त्याच्या हातातच नाही. जाहिरातीची जागा विकत मिळते, ती वेगळी, तिच्यावर जाहिरात असं लिहिलेलं असतं. बाकीची जागा धरून ठेवता येत नाही. रोज स्वतःच उघडून बघितल्यानं दुकान चालत नाही. आकडा म्हणजे गिऱ्हाईक नाही. आणि जे तुमच्या वेबसाइटवर लिहिलेलंच नाही, ते कोणालाही सापडणार नाही.’

बाजाराच्या दिवशी टेम्पो शेवटची फेरी म्हणून आला. चाचांनी थोडीच कोळपी आणली होती, निरोपाला आल्यासारखी. बादलीवाला पान चघळत शेजारी उभा. मी फाटकाशी पत्रकं वाटत होते. एका म्हाताऱ्यानं घडी करून टोपीत घातलं, एका बाईनं विचारलं, ‘‘रेशनचं हाय का?’’ मी नाही म्हणाल्यावर परत दिलं. ठीक आहे. तिच्या कामाचं नव्हतं ते.

आणि टायवाला आला. पुढच्या वर्षाचे कागद भैयाकडून सही करून न्यायला. त्यानं पत्रक वाचलं, उभ्या उभ्या, शेवटपर्यंत. मला तेवढं समाधान.

‘‘मॅडम, तुम्हाला टेक्निकल नॉलेज आहे का?’’

‘‘न्हाई. तुम्हाला शेतीचं हाय का?’’

‘‘आम्ही एवढ्या कंपन्यांचं काम करतो...’’

मी चाचांचं कोळपं उचललं आणि फाटकातून आत येणाऱ्या, धावडा गावच्या एका माणसापुढं धरलं. ‘‘काका, याला तुमच्याकडं काय म्हणत्यात?’’

‘‘कोळपं. काय म्हणायचं दुसरं?’’

त्याच्या मागं एक बाई होती, बुलढाण्याकडची. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडं डवरं म्हणत्यात. हातडवरं.’’

‘‘सायकलचं कोळपं,’’ तिसरा म्हणाला. एका पोरसवदा शेतकऱ्यानं, ‘‘ढकलगाडी’’ म्हटलं आणि सगळे हसले.

मी टायवाल्याकडं वळले. ‘‘यातला कुठला शब्द तुमच्या वेबसाइटवर हाय? दाखवा. अग्रगण्य कृषी-अभियांत्रिकी निर्यातदार कोण म्हणलं इथं?’’

‘‘मॅडम, हे लोक इंटरनेट वापरत नाहीत,’’ तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला. ‘‘हे आपलं टार्गेट नाही.’’

धावड्याच्या काकांनी कोळपं खाली ठेवलं. ‘‘मंग तुमचं कोळपं कोण घेणार हाय? तुम्ही?’’

‘‘यांची पोरं वापरत्यात,’’ मी म्हणाले. ‘‘पुण्याला, मुंबईला बसून वापरत्यात आणि इथं फोन करून सांगत्यात. आणि ती पोरंपण याला कोळपंच म्हणत्यात.’’

‘‘चाचाजी,’’ तो मला सोडून चाचांकडं वळला, ‘‘ऐका माझं. पहिला नंबर सोडला तर पस्तावाल. एकदा गेलेली जागा परत भेटत नाही.’’

त्यानं हे बोलायला नको होतं. जागा गेली की परत मिळत नाही, हे चाचांना शिकवायला निघालेला तो माणूस उभा कुठं होता? लिंबाखाली, त्यांच्या जागेवर, त्यांच्या मातीत बूट रुतवून. चाचांनी खाली त्याच्या बुटांकडं बघितलं. मग भैयाकडं. ‘‘तू बोल. ही पोरगी खरं बोलून राह्यली का?’’

भैयानं पासेवरून अंगठा फिरवला. ‘‘व्हय अब्बा. आपलं नाव लिहिलं तरच येतं. कोळपं लिहिलं तर आपण कुठंच न्हाई.’’

‘‘आणि तो आकडा?’’

‘‘मीच उघडत होतो ना, हर बाजारला. तो मीच होतो बहुतेक.’’

बाजाराचा गलका चालूच होता. मग चाचा बादलीवाल्याला म्हणाले, ‘‘भाई, तुझं गोणपाट उचल. बिलकुल इथून तिथपर्यंत माझं हाय.’’ आणि टायवाल्याला म्हणाले, ‘‘बेटा, जरा बाजूला सरक. गिऱ्हाईक उभं हाय.’’

बुलढाण्याकडची ती बाई खरंच उभी होती. तिनं डवरं, म्हणजे आमचं कोळपं, मातीत घातलं आणि ढकललं. दांडी तिला फार वर होत होती. चाचांनी पाना काढला.

भैया माझ्यावर महिनाभर रागावलेला होता. भर बाजारात अब्रू काढली म्हणाला. मी माफी मागितली नाही, अब्रू त्या टायवाल्याची गेली होती. मग तोच एके दिवशी कागद घेऊन आला. नवी वेबसाइट त्यानं कॅफेवाल्याकडून साधीच करून घ्यायची ठरवली होती. एकच पान. मी त्याला पत्रकाचा पहिला धडा सांगितला, वाचणारा उभा असतो. त्यानं लिहिलं, माझ्यापेक्षा बरं: ‘सायकल कोळपं, यालाच हातडवरं म्हणतात. बैल नसला तरी चालतं. दांडी तुमच्या उंचीला बसवून मिळते. भोकरदनच्या आठवडी बाजारात लिंबाखाली चालवून बघा.’ मराठी अक्षरांत आणि खाली इंग्रजी अक्षरांतही, कारण शोधणारे दोन्ही रीतीनं शोधतात. चित्र एकच, एक बाई कोळपं ढकलतेय. माझी आईच आहे ती. ‘‘साडी तरी बदलू द्यायची,’’ म्हणून ती अजून कुरकुरते.

पहिला नंबर आला का, असं लोक विचारतात. मी बघितलेलं नाही. कुणा शोधणाऱ्याला ते पान सापडतं एवढं मला माहीत आहे, कारण पुढच्या पेरणीनंतर चाचांच्या मोबाइलवर एक फोन आला तेव्हा मी तिथंच होते. पलीकडून एक मुलगा पुण्यातून बोलत होता, गावाकडं आईला कोळपं पाहिजे म्हणून. चाचा ओरडून बोलत होते, जणू पुण्यापर्यंत आवाज त्यांनाच पोचवायचा आहे.

‘‘आईची बरगडी कुठपर्यंत येती तुझ्या? ... न्हाई, न्हाई, अंदाजानं नको. फोनवर दांडी न्हाई बसत, बेटा. आईला बाजाराला पाठव. फाटकातून आलं की डाव्या हाताला. मी तिथंच असतो.’’